वेशीत उतरायचं

परवा नांदेडहून लातूरला जाताना भाच्यानं चहासाठी एका हॉटेलापाशी गाडी थांबवली. सडकेचं काम चालू होतं. एका अंगाला डांबराचे ड्रम, दुसऱ्या अंगाला ट्रकची रांग, आणि त्या दोहोंच्या मधून एक जवान पोरगा घोड्यावरून आला. कानात वायरी, पायात रबरी चप्पल, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात मोबाईल. घोडा दुडक्या चालीनं ट्रकच्या अगदी चाकाला लागून चालला होता. मागून मोटारी येत होत्या आणि घोड्याला त्या दिसत नव्हत्या.

"शर्यतीचा असंल," भाचा म्हणाला.

माझ्या तोंडात आलेलं वाक्य माझं नव्हतं, बाबांचं होतं. उतर लेकरा, घोड्याचं तोंड मोटारीकडं कर. एवढ्यात पोरगा निघूनही गेला.

त्या हॉटेलापासून हाकेच्या अंतरावर माझ्या लहानपणचं ते गाव आहे. नाव सांगून काय करायचं, त्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावाला ते चालेल. गावाची वेस आता नाही, सडक रुंद करताना ती पाडली म्हणे. ज्या जागी ती होती तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आणि बाजूला सिमेंटचे पाइप पडलेले. मी बघत राहिले. काहीतरी वाटेल म्हणून थांबले, पण काही वाटलं नाही. चहात आलं जास्त झालं होतं, तेवढं लक्षात राहिलं.

बाबा हिवताप खात्यात होते. लोक खात्याला मलेरिया म्हणायचे आणि बाबांनाही मलेरियाच म्हणायचे. गावोगाव फिरायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, कडू गोळ्या द्यायच्या आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख घालून पुढं जायचं. बाकीच्यांना सायकली होत्या. बाबांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे, म्हणून त्यांना मैना. मैना म्हणजे मातकट रंगाची बुटकी घोडी, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका. सगळं जग घोड्यावर डावीकडून चढतं, बाबा उजवीकडून चढायचे. उजवा पाय रिकिबीत, हात आयाळीत, आणि मग तो ताठ डावा पाय मागून वळवून पलीकडं टाकायचा. त्यासाठी खाली उंचसा दगड लागायचा. कुठल्या रस्त्याला कुठं दगड आहे हे मैनेला पाठ होतं. दगड आला की ती आपणहून थांबायची आणि मान खाली घालायची.

दोघांना एकच वास होता. डीडीटीचा, घामाचा आणि खोगिराच्या चामड्याचा. आई म्हणायची, अंधारात हात लावला तर घोडी कुठली आणि माणूस कुठलं कळायचं नाही. हे ती हसून म्हणायची. आमच्या घरात हसायची पाळी तशी कमी यायची, त्यामुळं हे वाक्य ती पुष्कळदा वापरायची.

शाळेला सुट्टी असली की बाबा मला पुढ्यात बसवून न्यायचे. नवी ज्वारी पोटऱ्यात आलेली असायची, रानातून ओला गोडसर वास यायचा, आणि मैनेच्या कानांच्या मधून मला सगळा मुलूख दिसायचा. तेव्हा बाबा मला घोड्यावरचे नियम सांगायचे. शाळेत पाढे म्हणवून घेतात तसे म्हणवूनही घ्यायचे.

"घोड्यावर बसायला कुणालाबी येतं, माय. उतरायला यायला पाहिजे," ते म्हणायचे. "मोटार आली?"

"उतरायचं. मैनेचं तोंड मोटारीकडं करायचं. लगाम हनुवटीपाशी धरायचा."

"तोंड तिकडं कामून?"

"दिसलं म्हंजी जनावर कमी भेतं."

"पूल आला?"

"उतरायचं. मधून चालायचं."

"घराकडं तोंड झालं?"

"लगाम ढिला सोडायचा न्हाई. घराच्या ओढीनं पळती."

"वेस आली?"

"उतरायचं."

आणखीही होते. उंच पिकातून जाताना खाकरत जायचं, म्हणजे रानडुक्कर आधी उठून जातं. आग्या मोहोळाच्या झाडाखालून बोलायचं नाही. दिवस कलला की मैनेच्या शेपटीला पांढरं फडकं बांधायचं. सगळे नियम एकाच सुरात सांगितलेले, आणि मला ते सगळे सारखेच वाटायचे. शेवटी बाबा आपल्या ताठ पायावर टिचकी मारायचे. "नियम पाळला न्हाई की हे असं होतं." लहानपणी घोड्यावरून पडले आणि पाय गेला, एवढंच आमच्या घरात सांगितलं जायचं. कुठं पडले, कसे पडले, हे मी विचारलं नाही. पडायला काय, कुठंही पडता येतं.

वेशीत का उतरायचं याचं कारण मी माझं मीच शोधून काढलं होतं. कमान ठेंगणी आहे, डोकं आपटेल. त्या कमानीखालून कडबा भरलेली गाडी, वर बसलेल्या माणसासकट, आरामात जायची. ती मी कितीदा पाहिलीही होती. पण बाबांनी सांगितलेल्या गोष्टीपुढं डोळ्यांचं काय चालतं.

तर वेस आली की बाबा उतरायचे, मलाही खाली घ्यायचे. मग आम्ही तिघं गावातून चालायचो. पुढं पाय ओढत बाबा, त्यांच्या हातात लगाम, मागं मी. मारुतीच्या देवळातला तेलाचा वास, कुणाच्या तरी चुलीवर भाजत असलेल्या शेंगा, पायाखाली बारीक धूळ. पारावर माणसं बसलेली असायची. त्यांतलं गुलाबी पटक्याचं एक म्हातारं दरवेळी विचारायचं, "आलास का रं मलेरिया?"

"आलो जी," बाबा म्हणायचे. बाबांचा रस्त्यावरचा आवाज आणि हा आवाज वेगळा होता. मला वाटायचं, चालून दम लागला असेल.

गाव संपलं की चिंच, चिंचेखाली दगड, दगडावर उभं राहून पुन्हा मैना. वर बसलं की बाबा पुढचा नियम विचारायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्याबद्दल लोक पुष्कळ सांगतात, मला फार सांगता येत नाही. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा वास आठवतो, ती तव्यावरच फुटायची. सरकारी वाटपातल्या सुकडीची गोडमट चव आठवते. विहिरीत टाकलेली कळशी कोरड्या खडकावर आपटायची तो आवाज आठवतो. आमच्या वस्तीतली माणसं आणि गावातली माणसं एकाच सडकेच्या कामावर खडी फोडत होती. आईही जायची. दिवसभर हातोड्यांचा आवाज यायचा आणि संध्याकाळी तो बंद झाला की कानांना चुकल्यासारखं व्हायचं. पहिलं जनावर मेलं तेव्हा लोक बघायला गेले. नंतर नंतर कुणी मान वळवून बघेना. माणसं वाईट झाली होती असं नाही, त्यांना काही वाटायचं बंद झालं होतं. मलाही तेव्हाच ती सवय लागली असावी.

मैनेला आम्ही छपराचं गवत काढून घातलं. काळं पडलेलं, धुरकट गवत ती हळूहळू चावायची आणि आम्ही खालून आभाळ बघायचो. घरातल्या कुणीही, आईनंसुद्धा, तिला विकू या म्हटलं नाही. मैना गेली असती तर बाबांचं फिरणं गेलं असतं, आणि फिरणं गेलं असतं तर नोकरी.

त्या उन्हाळ्यात बाबांचा पाय फार सुजला. एकदा भर दुपारी आम्ही वेशीपाशी आलो. पारावर कुत्रंही नव्हतं, सगळं गाव खडीवर गेलेलं. बाबांनी रिकिबीतून पाय काढला तेव्हा त्यांच्या तोंडून बारीक आवाज आला.

"बाबा, आज राहू द्या की," मी म्हटलं. "रास्ता रिकामाच हाय."

"रास्ता कधीच रिकामा नसतो, माय," असं म्हणून ते उतरले. त्या रिकाम्या गावातून ते पाय ओढत चालले आणि मी मागून. किती शहाणे आहेत आपले बाबा, असं मला वाटलं होतं.

सडक झाली, डांबर पडलं, मोटारी वाढल्या. मी शिकायला लातूरला आले, मुलींच्या वसतिगृहात राहिले. त्याच काळात लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, बँड वाजले, दुकानांच्या पाट्या पुन्हा रंगल्या, नव्या कचेऱ्यांसमोर नव्या जीपगाड्या उभ्या राहिल्या. गल्लीगल्लीत ऑइलपेंटचा वास. माणसं उगाच ताठ चालायची. आम्हीही चाललो.

माझ्या खोलीत शोभा होती, निलंग्याकडची. घरी मोठी शेती, बारदाना मोठा, मन त्याहून मोठं. घरून आलेल्या शेंगा ती आधी माझ्यापुढं ओतायची. एका संध्याकाळी गॅलरीत शेंगा फोडता फोडता ती त्यांच्याकडच्या घोड्याच्या गोष्टी सांगायला लागली. मग मला चेव आला. मी बाबांचे नियम म्हणून दाखवले, त्यांच्याच आवाजात, टिचकीसकट. मोटार आली? पूल आला? ती हसून हसून बेजार झाली. मग एकाएकी थांबून म्हणाली, "वेशीत कामून उतरायचं गं?"

मी पुढची शेंग फोडायला घेतली.

"आमचे आबा तर वेशीतूनच घोडं पळवत आणायचे. समदं गाव बघायचं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात काही नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. आणि मला मात्र, शेंगेचं टरफल हातात असतानाच, कडब्याची गाडी कमानीखालून जाताना दिसली.

"आमची वेस ठेंगणी हाय," मी म्हटलं.

"असंल," शोभा म्हणाली आणि तिनं आणखी शेंगा ओतल्या. मी उठून ताटली धुवायला गेले. नळाला पाणी बारीक होतं. ताटली स्वच्छ झाली तरी मी धूतच होते. राग आला का, तर नाही. रडू आलं का, तर तेही नाही. आपण मूर्ख होतो एवढं कळलं.

आमची माणसं छप्पन्न साली बौद्ध झाली. आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती, बाबासाहेबांची होती. बाबांनी मला सगळं शिकवलं होतं, जुनं काय काय टाकलं तेही शिकवलं होतं. ही एक गोष्ट त्यांनी घोड्याच्या नियमांत घालून लपवली होती. पोरीला लाज वाटू नये म्हणून, की स्वतःला वाटू नये म्हणून, कोण जाणे.

सुट्टीत घरी गेले. बाबा मैनेला खरारा करत होते. मी सरळ विचारलं.

त्यांचा हात थांबला नाही. "आपण आपलं उतरलं की लागत न्हाई, माय. उतरवलं की लागतं," ते म्हणाले. खराऱ्याचे चार-सहा हात मारून झाले. मग म्हणाले, "मी एकदा उतरलो नव्हतो. तुझ्यापेक्षा ल्हान होतो तवा."

आतून आई म्हणाली, "सांगून टाकलंत का शेवटी."

मी त्यांच्या डाव्या पायाकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. इतकी वर्षं ते मला खोटं बोलले नव्हते. घोड्यावरून पडले हे खरंच होतं.

नव्या जिल्ह्याला माणसं लागली, तशी बाबांची बदली लातूरला झाली, टेबलावरच्या कामाची. आईला हायसं वाटलं. मैनेला मात्र शहरात ठेवणार कुठं? मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेला नेऊन द्यायचं ठरलं. त्या सालीही पाऊस गेलाच होता, ज्वारी गुडघ्यावर येऊन वाळली होती. मी म्हटलं, मी येते सोबत. बाबा बसलेले, मी पायी. थंडी होती, मैनेच्या नाकातून वाफ निघत होती. बाबा नियम विचारत नव्हते. मोटार आली की दोघंही न बोलता जे करायचं ते करत होतो.

वेस दिसली तेव्हा मी थांबले, ते उतरतील म्हणून हात पुढं केला. बाबा उतरले नाहीत.

"तू म्होरं हो. चिंचेखाली थांब," ते म्हणाले.

ते मला पुढं का धाडत होते, ते मला कळायचं तेवढं कळलं. मी गेले नाही. रिकिबीला हात लावून बाजूनं चालत राहिले. बाबा मैनेच्या दोन कानांच्या मधून बघत होते, दुसरीकडं कुठंच नाही. कमान डोक्यावरून गेली. बाबांच्या डोक्यापासून ती कितीतरी वर होती.

पारावर पाच-सहा माणसं होती. बोलणं थांबलं. गुलाबी पटक्याचं म्हातारं अजून जिवंत होतं, आता पटका विटका झाला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"उतरा की मास्तर," ते म्हणालं. "चहा घ्या."

मास्तर म्हणालं, आणि घ्या म्हणालं. ते चहाला बोलावत होतं की खाली उतरायला सांगत होतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

"पाय दुखून राहिला जी," बाबा म्हणाले. "उतरलं की पुन्यांदा चढता यायचं न्हाई."

आवाज तोच, पारापुढचा. पण ते खाली उतरले नाहीत. माझा हात रिकिबीवर होता, म्हणून मला ते आधी कळलं. भीतीनं त्यांनी गुडघे आवळले, वाकणारा आवळला, न वाकणाराही जमेल तसा दाबला. मैनेला एवढंच ठाऊक की गुडघे आवळले म्हणजे पळ. ती पळाली. माझ्या हातातून रिकीब सुटली. जन्मभर ज्या गावातून बाबा पाय ओढत गेले, त्या गावातून ते टापा वाजवत गेले. देवळावरून, घरांवरून, आडावर पाणी शेंदणाऱ्या बायांसमोरून. एक बाई हसली. एका बाईनं पोरगं बाजूला ओढलं. मी मागून धावत होते आणि पारावरून कुणी उठलं का हे बघायची मला हिंमत होत नव्हती.

मैना चिंचेखाली दगडापाशी येऊन आपणहून थांबली, मान खाली घातली. बाबा तसेच बसून होते. आयाळीतली त्यांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. त्यांना खाली घेतलं तेव्हा त्यांचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं. ते दगडावर बसले. जिंकल्याचं काही त्यांच्या तोंडावर नव्हतं.

"मागं बघ," ते म्हणाले. "कुणी येतंय का?"

मी बघितलं. धूळ खाली बसत होती. एक म्हातारी शेण गोळा करत होती.

"कुणी न्हाई, बाबा."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. कुणी येत नव्हतं. मैना एका व्यापाऱ्याला दिली, जत्रेत ढोल वाजत होते, आम्ही भजी खाल्ली. परतताना बाबांनी एसटी धरली, तीही दुसऱ्या रस्त्यानं जाणारी. गाडीत ते खिडकीपाशी बसले नाहीत.

त्या दिवशी मागून कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या सालीही नाही. गावातल्या कुणी त्याचा शब्दही काढला नाही. एकदा तर त्या म्हाताऱ्याचा नातू लातूरला कचेरीत काही कामासाठी आला, बाबांना वाकून नमस्कार करून गेला. ते आईला सांगताना बाबा हसलेसुद्धा. पण त्या रात्री त्यांनी दाराला आतून टेबल लावलं.

शेवटची वर्षं ते माझ्याकडं नांदेडला होते, तिसऱ्या मजल्यावर. पायामुळं खाली उतरत नसत. दिवसभर रेडिओ लावून बसायचे. खाली एखादी मोटारसायकल थांबली, की रेडिओचा आवाज बारीक करायचे आणि म्हणायचे, "बघ गं माय, कोण आलं." मी गॅलरीतून बघायचे. दूधवाला असायचा, कुणाचा तरी जावई असायचा. मी नाव सांगितलं की ते मान हलवायचे आणि आवाज पुन्हा मोठा करायचे. कधी मी कामात असले तर न बघताच सांगायचे, कुणी न्हाई. ते त्यांना बरोबर कळायचं. म्हणायचे, "नीट बघ."

बाबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. घरात मी एकटीच असते. भाचा येताना नेहमी फोन करून येतो, तरी जिन्यात त्याचं पाऊल वाजलं, की माझा हात आधी टीव्हीच्या रिमोटकडं जातो. आवाज बंद करून मी बसून राहते. तो घंटी वाजवतो, आत्या, आत्या म्हणून हाका मारतो. त्याचा आवाज मी ओळखते. तरी तिसऱ्या हाकेपर्यंत मी उठत नाही.